म्हसकोंडीतला बांगडा

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा फोनवर टाइप केलं, तीनदा पुसलं. एकदा तर 'माझ्या एका मित्राची गोष्ट' म्हणून सुरुवात केली. म्हणजे माझं पाप कुणातरी मित्राच्या नावावर खपवायचं. तेही पुसलं. आता लिहितोय ते मी म्हणूनच. शुद्धलेखन बघू नका. बारावी नापास आहे. जे काय येतं ते व्हिडिओ बघून आणि वस्तू खोलून शिकलोय.

मी विघ्नेश डोर्लेकर, काळबंदरच्या खारवीवाड्यातला, म्हणजे मासेमार खारव्यांच्या वस्तीतला. सगळे विघ्न्या म्हणतात.

काळबंदरची जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोर समुद्र. मागे उभी घाटी. घाटी चढून गेलं की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. समुद्र आणि घाटीच्या मधे जी पट्टी आहे तेवढ्यात आमची चौसष्ट घरं. ती पट्टी समुद्र खातोय. आधी मासळी सुकवायची वाळू गेली, मग जाळी ठेवायच्या खोपी, मग पुढची अकरा घरं. मागच्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं तेव्हा आई पाटावर उभी राहून गॅसची टाकी मिठी मारून धरून होती. टाकी तरंगायला लागली होती.

तर वाडा वर सड्यावर न्यायचा हे ठरलं. सड्यावर नेमका कुठे, ते ठरत नव्हतं.

सरकारी कागदावर सडा म्हणजे पोटखराबा. काही न पिकणारी जमीन. पण पावसाळ्यात तिथे जाऊन बघा. कातळातल्या खळग्यांत पाणी साठतं, त्याला आम्ही कोंड म्हणतो. त्या पाण्यात आणि कडेच्या चिखलात अशा गोष्टी जगतात की ज्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत. म्हणून नवीन कायदा आला. किनाऱ्यावरच्या तालुक्यांत जमीन उरलीच नाहीये, तर जी आहे ती मोजून वाटा. जिथे जीव जास्त ती राखीव, जिथे कमी तिथे माणसं. राखीवमध्ये घर नाही, चराई नाही.

आणि जीव मोजायला मशीन आलं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही हुंग्या म्हणायचो, कारण ते हुंगतं.

ते कसं चालतं ते सांगतो. प्रत्येक जीव सतत काहीतरी सांडत असतो. कातडीचा कण, बुळबुळीत स्राव, विष्ठा, परागकण. त्या सगळ्यात त्याचा डीएनए असतो, म्हणजे त्याची सहीच. पाण्यात ती सही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे टिकते. हुंग्या एक लिटर पाणी बारीक गाळणीतून ओढतो, गाळणीवरचे तुकडे वाचतो आणि आतल्या यादीशी जुळवतो. चाळीस मिनिटांत सांगतो की या पाण्यात बेडकाच्या चार जाती, चतुर सहा, अमुक गवत, तमुक शेवाळ. एकही जनावर पकडायला लागत नाही. शेवटी एक आकडा देतो, शंभरपैकी. साठच्या वर राखीव. चाळीसच्या खाली वस्ती.

पण हुंग्याला एक गोष्ट कळत नाही. सही तिथल्याच जीवाची आहे, की कुणी आणून टाकली. म्हणून सोवळं फार. प्रत्येक कोंडीला नवे हातमोजे, बूट ब्लीचिंगच्या पाण्यात धुवायचे, कारण ब्लीचिंगने डीएनए मरतो. शिवाय एक कोरी बाटली. शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली जागेवर उघडायची आणि तीही हुंग्याला द्यायची. त्यात काही सापडलं तर समजायचं आपले हात घाण आहेत.

हे सगळं मी करायचो. सुभेदार मॅडम पुण्याहून आल्या होत्या, जीवशास्त्रातल्या डॉक्टर. त्यांना सड्याची वाट माहीत असलेला आणि मशीन बिघडलं तर खोलणारा माणूस हवा होता. मी होड्यांची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायचो. त्यांनी मला आठवडाभर बघितलं आणि म्हणाल्या, "विघ्नेश, नमुन्यांच्या कपाटाची चावी तुमच्याकडे. तुमच्यावर सोडते मी." मला आयुष्यात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं.

सड्यावर दोन मोठ्या कोंडी. पूर्वेला, रस्त्याजवळ, तांबडकोंड. तिथून घाटी उतरली की पंधरा मिनिटांत बंदर. आणि पश्चिमेला, दोन किलोमीटर आत, म्हसकोंड. तिच्या शेजारी धनगरवाडा, बारा घरं. त्यांच्या म्हशी त्यात डुंबतात. तिथून बंदर गाठायला तास जातो.

धाकू झोरे त्या धनगरवाड्यातला. पाचवीपासून माझ्या बाकावरचा. मासळीच्या वासाचा मी आणि म्हशीच्या वासाचा तो, बाकी कुणी आमच्या शेजारी बसायचं नाही, म्हणून दोस्ती. तांबडकोंडीतलं देवगांडूळ मला त्यानेच दाखवलं होतं. मी दगड उचलला होता मारायला. तो म्हणाला, "साप नाय रे येड्या. बिनपायाचं बेडूक समज. बघ, आई आहे ती, अंड्यांना वेटोळं घालून बसलीय. आम्ही मारत नाय." आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो.

जुलैमध्ये पहिली मोजणी झाली. तांबडकोंड त्र्याऐंशी, देवगांडूळ त्यात सगळ्यात वर. म्हसकोंड छत्तीस, म्हशींनी सगळं तुडवलेलं. म्हणजे तांबडकोंड राखीव, आणि आमचा वाडा जाणार म्हसकोंडीकडे, धनगरांच्या शेजारी.

धाकूच्या वाड्यात कुणी नाक मुरडलं नाही. त्याचा बाप म्हणाला, "चांगलं झालं. शेजार होईल. पोरांना शाळा तरी येईल वर."

आमच्या वाड्यात मात्र आग लागली.

भाऊ तांडेल बंदरावर जाळं विणत बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि वाड्यातही त्यांचाच शब्द. मला हाक मारली, शेजारी बसवलं, जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"विघ्न्या, होडी लागली की मासळीचा लिलाव कुणासाठी थांबतो काय रे?"

"नाही भाऊ."

"मग तुझी आई म्हसकोंडीवरून तासभर चालत येणार, तोवर इथे काय उरणार? खवले?"

"मशीनने आकडा दिलाय भाऊ. मी काय करू?"

"मशीन कुणाच्या हातात आहे?"

मी जाळ्याचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

"गांडुळांना राखीव जागा आणि खारव्यांना लांबची," भाऊ म्हणाले. "पुढच्या जन्मी गांडूळ हो रे बाबा. सरकार विचारेल तरी."

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. भाऊंनी हे कर, असं सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मी स्वतः रात्रंदिवस विचार करून शोधलं, आणि शोधल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे पण लिहायला हवं.

नियमातच फट होती. मोजण्या दोन. दोन आकड्यांत फरक आला तर पाऊस ओसरल्यानंतरचा धरायचा, कारण भर पावसात पाणी वाहून इकडचं तिकडे जातं. दुसरी मोजणी सप्टेंबरात, गौरी-गणपतीनंतर लगेच.

आणि कोरी बाटली फक्त माझे हात घाण आहेत का ते तपासते. कोंडच घाण केली तर तिला कळत नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी सड्यावर कुणी नसतं. तरी धाकूचा धोका होता, तो कधीही म्हशी घेऊन फिरतो. म्हणून मी त्याला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बापालाही. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आईने वडे आणि मटण केलं होतं. ते दोघे पानावर बसले. मी म्हणालो, "मशीनचं चार्जिंग बघून आलोच."

आई म्हणाली, "आज पण मशीन? बाला, लवकर ये, वडे गार होतील."

धाकू म्हणाला, "जाऊ दे काकी, त्याचे वडे मी खातो."

भर दुपारी स्कूटरवर दोन फेऱ्या केल्या. मागे थर्माकोलची मोठी पेटी बांधली होती, आमची मासळीची. तांबडकोंडीचं पाणी आणि कडेचा चिखल तिच्यात भरला आणि म्हसकोंडीत ओतला. चिखलात तीन देवगांडुळं वळवळताना दिसली. मी स्वतःला सांगितलं, बघ, आपण मारत नाहीये, हलवतोय. वस्ती हलवतात तसं.

मग तांबडकोंडीत बूट धुवायचं ब्लीचिंग टाकलं. आधी एक डबा. मग वाटलं कमी पडेल, दुसरा. सही पुसायची होती, बाकी काही नाही. क्लोरीन उन्हाने दोन दिवसांत उडून जातो, मोजणी चौथ्या दिवशी होती. सगळा हिशेब नीट जुळवला होता.

घरी आलो तेव्हा वडे गार झाले होते. धाकूने माझ्यासाठी चार वेगळे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. तांबडकोंडीच्या कडेला देवगांडुळं मरून पडली होती. मोजली नाहीत. पांढुरकी झालेली, सोललेल्या दोरीसारखी. एका दगडाखाली एक मादी वेटोळ्यातच मेली होती, मधे बोटाएवढी पिल्लं. मी हातमोजे घालून सगळी गोळा केली आणि घाटीच्या उतारावर पुरली. नवे हातमोजे घातले होते. सवय.

चौथ्या दिवशी तांबडकोंड एकतीस. म्हसकोंड चौऱ्याहत्तर.

सुभेदार मॅडम बराच वेळ यादी बघत राहिल्या. 

"जुलैत म्हसकोंडीचं पाणी वाहून तांबडकोंडीत आलं असणार," त्या म्हणाल्या. "पण हे काय? म्हसकोंडीत बांगडा?"

मी यादीत डोकावलो. बांगडा होता. पेडवे, बोंबील, कोलंबीही होती. समुद्रापासून दीडशे मीटर उंच, म्हशीच्या डबक्यात. माझ्या पेटीला वीस वर्षांचा मासळीचा लेप होता. मी सगळ्याचं सोवळं पाळलं होतं, पण पेटी धुवायचं डोक्यातच आलं नाही. खारव्याच्या पोराला मासळीचा वास येत नाही. तो त्याच्या हवेचाच भाग असतो.

"घारी टाकतात मॅडम," मी म्हणालो. "बंदरावरून उचलतात आणि वर जाऊन खातात."

"असं होय. बरं झालं तुम्ही इथले आहात."

त्यांनी बांगड्यापुढे 'पक्ष्यांमार्फत' असा शेरा मारला. माझ्या शब्दावर.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात माझा सत्कार झाला. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला. भाषणात म्हणाले, विज्ञानाने न्याय केला. आई पहिल्या रांगेत होती, पदराने डोळे पुसत होती. तांबडकोंडीच्या बाजूला खुंट्या ठोकल्या, चुन्याने रेघा मारल्या. पहिला प्लॉट कुठला ते मला निवडायला सांगितलं.

त्याच दिवसांत धनगरवाड्याला नोटीस लागली. म्हसकोंड राखीव, बारा घरांनी तालुक्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जावं, म्हशींना चराई बंद. त्यांची चार पिढ्यांची वहिवाट होती, कागद नव्हता.

असं होईल हे मला माहीत नव्हतं, असं मी आधी लिहिलं होतं. पुसलं. माहीत होतं. नियम मी पाठ केले होते.

धाकू नोटीस घेऊन माझ्याकडेच आला. दुसरं कुणाकडे जाणार?

"विघ्न्या, तुला ह्यातलं कळतं. हरकत कशी घ्यायची सांग. मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये शेवटची सुनावणी आहे म्हणतात."

मी त्याला अर्ज लिहून दिला. खरंच लिहून दिला. चांगल्या भाषेत, वहिवाट, उपजीविका, सगळे शब्द घालून. जो एक मुद्दा लागणार होता तो सोडून. अर्जाला मोजणीची यादी जोडायची असते, ती मीच छापून दिली. मला वाटलं, कोण वाचतं?

धाकूने वाचली. काल दुपारी फोन आला, "सड्यावर ये."

तो म्हसकोंडीच्या काठावर बसला होता. म्हशी नव्हत्या. कोंडीभोवती वनखात्याची तार आली होती. यादीचा कागद त्याच्या मांडीवर, आणि एका ओळीवर बोट.

"म्हटलं बघूया तरी, कुणासाठी आपल्याला उठवतायत," तो म्हणाला. "एकेक नाव वाचलं. हे सत्तावीस नंबर वाच."

"वाचलंय मी."

"मोठ्याने वाच."

"बांगडा."

"कुठून आला?"

"घारीने..."

"बांगडा, पेडवे, बोंबील, कोलंबी," धाकू बोट सरकवत म्हणाला. "घारीने इथे खानावळ घातली होती काय? जन्मापासून इथे आहे मी. घारीने मासा टाकला तर काटा पडतो. एक काटा दाखव मला."

मी तारेकडे बघायला लागलो.

"आणि हे चाळीस नंबर. देवगांडूळ. म्हसकोंडीत. म्हशींच्या पायाखाली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी तुला ते कुठे दाखवलं होतं, विघ्न्या?"

तेव्हा मी सांगितलं. पेटी सांगितली, ब्लीचिंग सांगितलं, दगडाखालची मादी सांगितली. गौरीच्या जेवणापाशी येऊन थांबलो, तर तो म्हणाला, "थांबू नकोस, पुरं कर." पुरं केलं.

वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला, तारेपाशी गेला, परत आला.

"म्हणजे आम्ही जेवत होतो तेव्हा."

"हो."

"माझा बाप अजून सांगतो लोकांना, खारव्यांनी गौरीला पानावर बसवलं म्हणून."

सड्यावर वारा सुटला होता. मग त्याने विचारलं.

"जुलैचा आकडा राहिला असता तर काय झालं असतं? तुमचा वाडा इथे आला असता. आम्ही इथेच राहिलो असतो. गांडुळं तिकडे राहिली असती. कुणाचं काय गेलं असतं?"

"बंदर लांब पडलं असतं."

"किती?"

"तास. म्हणजे पंधरा मिनिटांच्या जागी तास."

"तासभर चालायला लागलं असतं," धाकू म्हणाला. "एवढंच?"

त्याची आई त्याच वाटेने रोज दूध घेऊन खाली येते. आमच्या घरी पण. तिची वाट किती लांब आहे हे मी कधी मोजलं नव्हतं. सड्यावरचं सगळं मोजलं, शेवाळंसुद्धा.

"मी आता बोललो तर मोजणी पुन्हा होईल," मी म्हणालो. "पुढच्या पावसात आणि त्यानंतर. म्हणजे अजून एक पावसाळा वाडा खालीच. पाणी घरात येईल धाकू. चौसष्ट घरं आहेत."

"माहीत आहे."

"काही झालं कुणाला तर?"

"तर तेही तुझ्याच डोक्यावर. मी कमी करून देणार नाय." मग जरा थांबून म्हणाला, "पावसाचे चार महिने तुमची म्हातारी माणसं आणि पोरं आमच्याकडे वर राहू शकतात. बारा घरं आहेत. बापाला विचारायला लागेल. पण आधी आम्ही इथे असायला पायजे ना."

मला रडू आलं. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. ते त्याला बघायचं नव्हतं.

"सॉरी बोलू नको," तो म्हणाला. "सॉरीने तार निघत नाय."

"मी मंगळवारी सांगतो. मॅडमना, सगळ्यांना. तू ये. तू समोर असलास की मला धीर येईल."

"नाय येणार."

"का?"

"मी समोर बसलो की तू माझ्याकडे बघून बोलशील. मग लोक म्हणतील, धनगराने धमकावलं. आणि तू पण मनात म्हणशील, धाकूसाठी केलं. माझ्यासाठी नको करूस. तुझ्या भाऊ तांडेलांच्या डोळ्यांत बघून बोल. तुझ्या आईसमोर बोल. आणि हॉलमध्ये पहिल्यांदा कळायला नको तिला. आधी घरी सांग."

तो वाड्याकडे चालायला लागला. मी मागून हाक मारली तर थांबला, पण वळला नाही.

आज रविवार आहे. आईला सकाळी सांगितलं.  देव्हाऱ्याजवळ घडी करून ठेवलेली सत्काराची शाल तिने उचलली आणि माझ्या हातात दिली, परत करून ये म्हणून. 

शाल परत केली की उद्या भाऊ येतील समजवायला. कुणी म्हणेल वाड्याशी गद्दारी केलीस, आणि त्यांच्या बाजूने ते चुकीचं नसेल. मॅडम काय म्हणतील ते डोळ्यांसमोर आणून बघतो आणि हात थांबतात. काम जाणारच. केस पण होईल बहुतेक. मी आता मागे फिरू नये म्हणून हे सगळं लिहिलं, आणि ही पहिली प्रत तुलाच पाठवतोय धाकू.

सड्यावर तू वळला नाहीस तेव्हा जे बोललो ते वाऱ्यात नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून इथे लिहून देतो. मंगळवारी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये मी उभा राहीन, नाव सांगेन आणि पेटीपासून ब्लीचिंगपर्यंत सगळं बोलेन. तू तिथे नसशील. तरी बोलेन. शब्द.